‘प्रेमाचे संप्रेरक’ : ऑक्सिटोसिनविषयक संशोधनाची चिकित्सा

सारांश

माणसामाणसांतील विश्वास, जिव्हाळा व बांधिलकी यांचे मूळ ऑक्सिटोसिन या एकाच संप्रेरकात आहे, ही कल्पना गेल्या दोन-तीन दशकांत संशोधनपत्रिकांपासून वृत्तपत्रांच्या पुरवण्यांपर्यंत पसरली. प्रस्तुत लेखात या कल्पनेचा आधार असलेल्या प्रमुख प्रयोगांची चिकित्सा केली आहे. प्राण्यांवरील अभ्यास, २००५ चा ‘विश्वासाचा खेळ’, त्याची पुढे झालेली पुनरावृत्ती आणि जनुक-संपादनाचे अलीकडचे प्रयोग एकत्र वाचले असता, ऑक्सिटोसिन हे नात्यातील अनेक दुव्यांपैकी एक ठरते, नात्याचे कारण ठरत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : ऑक्सिटोसिन, सामाजिक वर्तन, जोडबंध, विश्वास, पुनरावृत्ती, न्यूनीकरणवाद.

प्रस्तावना

मराठीत ‘पान्हा’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. गाय किंवा म्हैस सडांत दूध उतरवते तेव्हा ती पान्हावली असे म्हणतात. आणि लेकराला पाहून आईचे मन भरून आले तरी तिला पान्हा फुटला असेच म्हणतात. शरीराची एक क्रिया आणि मनाचा एक भाव यांना भाषेने एकाच शब्दात बांधले आहे. मात्र या दोहोंपैकी कोणते कारण आणि कोणते कार्य, याविषयी भाषा काहीच सांगत नाही. आधुनिक जीवशास्त्राने पान्ह्यामागील द्रव्य शोधून काढले आणि त्याला ऑक्सिटोसिन हे नाव दिले. पुढे, पान्हा ज्या द्रव्याने फुटतो त्याच द्रव्याने प्रेमही उत्पन्न होते, असे म्हटले जाऊ लागले. ‘प्रेमाचे संप्रेरक’, ‘विश्वासाचे द्रव्य’, ‘नैतिकतेचा रेणू’ अशी बिरुदे त्याला लागली.

हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांपुरता नाही. नाती रसायनाने घडतात असे एकदा मान्य केले की नाती बिघडल्यावर उपायही रसायनातच शोधला जातो. स्वमग्न मुलाच्या पालकांना कोणती आशा दाखवावी, अनाथ बालकांसाठी संस्था उभारावी की कुटुंब शोधावे, अविश्वासाने ग्रासलेल्या समाजाने काय करावे, या प्रश्नांची उत्तरे त्या एका गृहीतकावर अवलंबून राहतात. म्हणूनच त्या गृहीतकाची तपासणी आवश्यक ठरते.

संप्रेरकाची ओळख

१९०६ मध्ये हेन्री डेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पीयूषिका ग्रंथीच्या अर्कामुळे गर्भाशयाचे आकुंचन होते, असे दाखवले. ‘ऑक्सिटोसिन’ या ग्रीक मूळ असलेल्या शब्दाचा अर्थच ‘त्वरित प्रसूती’ असा आहे. हे संप्रेरक अवघ्या नऊ ॲमिनो आम्लांचे बनलेले आहे. अमेरिकेतील व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी ते आजही जगभर वापरले जाते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे.

त्याचे दुसरे कार्य दूध उतरवण्याचे. वासरू सडाला लागले की स्पर्शाची संवेदना मेंदूपर्यंत जाते, पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात येते, ते कासेपर्यंत पोहोचते, तेथील सूक्ष्म स्नायुपेशी आकुंचन पावतात आणि दूध सडांत उतरते. परंतु ही क्रिया केवळ यांत्रिक नाही, हे पशुपालकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. वासरू नुसते समोर दिसले किंवा नेहमीच्या माणसाची चाहूल लागली तरी जनावर पान्हावते. उलट जागा बदलली, धार काढणारा हात अनोळखी असला किंवा जनावर बिथरले तर ते पान्हा चोरते. वासरू दगावल्यास त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गायीपुढे ठेवण्याची पद्धत याच जाणिवेतून आली. म्हणजेच संप्रेरक केव्हा स्रवेल, हे ओळख, सवय आणि भीती यांवर ठरते.

याच संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन वासराशिवाय दूध काढण्याचा गैरप्रकारही आपल्याकडे परिचित आहे. तो रोखण्याचे कारण देऊन केंद्र सरकारने २०१८ मध्ये ऑक्सिटोसिनचे देशांतर्गत उत्पादन सार्वजनिक क्षेत्रातील एका कंपनीपुरते मर्यादित केले होते. प्रसूत मातांच्या जिवाशी निगडित असलेल्या औषधाचा पुरवठा त्यामुळे धोक्यात येईल असा आक्षेप घेतला गेला आणि डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. या प्रकरणातील एक बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे. इंजेक्शनाने दूध उतरते, पण त्याने गाय आणि वासरू यांचे नाते निर्माण होत नाही. किंबहुना वासरू नसले तरी चालावे म्हणूनच ते दिले जाते. द्रव्य आणि नाते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून साधा पुरावा नाही.

व्होलपासून मानवापर्यंत

ऑक्सिटोसिनला सामाजिक वर्तनाच्या अभ्यासात मानाचे स्थान मिळाले ते व्होल या उंदरासारख्या कृंतक प्राण्यामुळे. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील प्रेअरी व्होल जोडीने राहतो आणि नर-मादी दोघे मिळून पिल्ले सांभाळतात. त्याच्या जवळच्या नात्यातील माँटेन व्होल मात्र एकटा राहतो व जोडी टिकवत नाही. सू कार्टर, थॉमस इन्सेल, लॅरी यंग आदी संशोधकांनी या दोन जातींच्या मेंदूंची तुलना केली. ऑक्सिटोसिनला प्रतिसाद देणारी पेशींवरील स्थाने, म्हणजेच ग्राही, दोन्ही जातींच्या मेंदूत वेगवेगळ्या भागांत आढळतात, असे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रेअरी व्होलच्या मादीच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सोडल्यास समागमाशिवायही ती एका नराला पसंती देते, असेही नंतर दिसून आले. नरांच्या बाबतीत व्हॅसोप्रेसिन हे त्याच कुळातील संप्रेरक महत्त्वाचे ठरले. २००४ मध्ये व्हॅसोप्रेसिनच्या ग्राहीचे जनुक मेडो व्होल या बहुगामी जातीच्या नराच्या मेंदूत घालून त्याच्यात जोडीदाराची पसंती निर्माण करण्यात आली.

हे संशोधन कसदार आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो त्यावरून काढलेल्या अनुमानांचा. पहिली गोष्ट अशी की, प्रयोगशाळेत मोजली जाते ती ‘जोडीदाराची पसंती’, म्हणजे ओळखीच्या व अनोळखी प्राण्यापैकी कोणाजवळ व्होल अधिक वेळ बसतो, एवढेच. निष्ठा, प्रेम, विवाह हे शब्द त्या मोजमापाला माणसाने चिकटवले आहेत. दुसरी गोष्ट, प्रेअरी व्होल जोडीने राहत असला तरी त्या जोडीची सर्वच पिल्ले त्याच नराची असतात असे नाही, हे क्षेत्रीय अभ्यासांनी दाखवले आहे. एकत्र राहणे आणि लैंगिक एकनिष्ठा या दोन बाबी व्होलमध्येसुद्धा एक नाहीत. तिसरी गोष्ट, या वर्तनात डोपामिनसारखी इतर द्रव्येही तितकीच गुंतलेली आहेत. तेव्हा ‘एक द्रव्य, एक वर्तन’ हे समीकरण व्होलच्या बाबतीतच टिकत नाही. माणसापर्यंत पोहोचण्यापूर्वीच ते डळमळते.

विश्वासाचा खेळ

माणसावरील संशोधनाला कलाटणी दिली ती २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाने. मायकेल कॉसफेल्ड, मार्कुस हाइन्रिक्स, पॉल झॅक, उर्स फिशबाखर व अर्न्स्ट फेर हे त्याचे लेखक. झुरिक येथील या प्रयोगात काही तरुणांना नाकावाटे ऑक्सिटोसिनचा फवारा देण्यात आला, तर काहींना तसाच दिसणारा पण औषधी द्रव्य नसलेला फवारा. मग त्यांनी ‘विश्वासाचा खेळ’ खेळला. ‘गुंतवणूकदार’ आपल्याजवळील १२ एककांपैकी काही रक्कम अनोळखी सहभागीला देतो. ती तिप्पट होते. त्यातून किती परत करायची हे तो सहभागी ठरवतो. फवारा मिळालेल्या २९ गुंतवणूकदारांपैकी १३ जणांनी सगळी रक्कम दिली. दुसऱ्या गटातील २९ पैकी ६ जणांनी तसे केले. सरासरी रकमेतील फरक १७ टक्के होता.

या निबंधाने मोठी खळबळ उडाली. झॅक यांनी २०१२ मध्ये ‘द मॉरल मॉलेक्यूल’ हे पुस्तक लिहून ऑक्सिटोसिनला थेट नैतिकतेच्या पायाशी नेऊन बसवले आणि दिवसातून आठ मिठ्यांची शिफारस केली. परंतु मूळ निबंध शांतपणे वाचला असता पुढील मर्यादा नजरेत भरतात.

एक, सर्व सहभागी पुरुष होते. जे संप्रेरक प्रसूती व स्तन्यपान यांमुळे ओळखले गेले, त्याविषयीचा सर्वाधिक गाजलेला प्रयोग स्त्रियांना वगळून झाला, हा विरोधाभास दुर्लक्षिण्याजोगा नाही. दोन, निर्णायक तुलना प्रत्येकी २९ व्यक्तींमधील होती आणि सरासरीतील फरक एकपुच्छ सांख्यिकीय चाचणीवर सार्थ ठरला होता; एवढ्या लहान नमुन्यात दोन-चार व्यक्तींच्या निर्णयानेही चित्र पालटू शकते. तीन, आणि हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, ज्यांना रक्कम मिळाली त्यांच्या परतफेडीवर ऑक्सिटोसिनचा काहीही परिणाम झाला नाही. हे त्या निबंधातच नमूद आहे. म्हणजे विश्वास टाकणारा अधिक उदार झाला, असे क्षणभर मानले तरी विश्वासास पात्र होण्याची वृत्ती वाढली नाही. समाजाला गरज असते ती या दुसऱ्या गोष्टीची. विश्वासू नसलेल्या माणसांत विश्वास टाकणारे वाढले, तर त्याला सामाजिक प्रगती म्हणता येणार नाही. ती फसवणुकीची सोय ठरेल. नैतिकतेच्या रेणूची घोषणा ज्या प्रयोगावर उभी राहिली, त्याच प्रयोगात नैतिकतेच्या अर्ध्या भागाने प्रतिसाद दिला नव्हता.

पुनरावृत्तीची कसोटी

विज्ञानात एखाद्या निष्कर्षाचे मोल तो पुन्हा हाती येतो की नाही यावर ठरते. गिडिऑन नेव्ह, कॉलिन कॅमरर व मायकेल मॅककलो यांनी २०१५ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. विश्वासाच्या खेळाच्या पुनरावृत्त्या एकत्र विचारात घेतल्यास ऑक्सिटोसिनचा परिणाम शून्याहून खात्रीने वेगळा म्हणता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच सुमारास बेल्जियममधील लूव्हाँ येथील संशोधकांनी एक धाडसाचे पाऊल उचलले. ऑक्सिटोसिनमुळे विश्वास वाढतो असे या गटाने २०१० मध्ये स्वतःच प्रसिद्ध केले होते. २०१५ मध्ये त्यांनी तो प्रयोग अधिक काटेकोरपणे केला आणि तो निष्फळ ठरल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटात पडून राहिलेले, अप्रकाशित निष्कर्षही प्रसिद्ध केले. सर्व प्रयोग एकत्र मांडल्यावर परिणाम जवळजवळ उरलाच नाही. अनुकूल निष्कर्ष तेवढे छापले जातात आणि प्रतिकूल निष्कर्ष कपाटात राहतात, हा दोष त्यामुळे स्वतःच्या उदाहरणासह उघड झाला.

२०२० मध्ये कॅरोलिन डेक्लर्क व सहकाऱ्यांनी ६७७ सहभागींवर, पद्धत आधीच नोंदवून, विश्वासाच्या खेळाची पुनरावृत्ती केली. ऑक्सिटोसिनचा विश्वासावर सर्वसाधारण परिणाम दिसला नाही. मूळ प्रयोगाचे एक लेखक अर्न्स्ट फेर हे या निबंधाचेही सहलेखक होते, ही बाब आवर्जून नोंदवली पाहिजे. आपलाच गाजलेला निष्कर्ष खोडून निघेल अशा कसोटीत सहभागी होणे, हे विज्ञानाच्या नीतीचे उत्तम उदाहरण आहे. मुळात ज्यांचा स्वभाव कमी विश्वासाचा आहे त्यांच्या बाबतीत, विशिष्ट परिस्थितीत काही परिणाम असू शकेल, असा एक धागा या अभ्यासात दिसला. पण तो शोधक स्वरूपाचा होता, सिद्ध निष्कर्ष नव्हे.

याला जोडूनच पद्धतीचा प्रश्न येतो. नाकात मारलेला फवारा मेंदूपर्यंत पोहोचतो काय? एडिंबरा येथील गॅरेथ लेंग व माइक लुडविग यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, त्यातील अत्यल्प भागच मेंदूभोवतीच्या द्रवात उतरतो, तर रक्तातील ऑक्सिटोसिनचे प्रमाण मात्र नेहमीपेक्षा कितीतरी वाढते. तेव्हा वर्तनात बदल दिसलाच तरी तो मेंदूवरील थेट क्रियेमुळे झाला की शरीराच्या इतर भागांतील परिणामांमुळे, हे सांगणे कठीण होते. त्याच वर्षी व्होल-संशोधनातील अग्रणी लॅरी यंग यांनीही सहकाऱ्यांसह असा इशारा दिला की, या क्षेत्रातील बहुतेक प्रयोगांचे नमुने अपुरे असून त्यांचे अनेक अनुकूल निष्कर्ष खरे नसण्याची शक्यता मोठी आहे. टीका बाहेरून आलेली नाही, ती याच क्षेत्रात काम करणाऱ्यांनी केली आहे.

‘आपले’ आणि ‘परके’

ऑक्सिटोसिन केवळ मंगलच करते, या समजाला आणखी एका दिशेने धक्का बसला. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील कार्स्टेन द द्रू व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये असे मांडले की, ऑक्सिटोसिनमुळे वाढणारा परार्थ हा स्वतःच्या गटापुरता असतो. २०११ मध्ये त्यांनी या संप्रेरकामुळे स्वसमूहाकडे झुकण्याची प्रवृत्ती वाढते, असाही निष्कर्ष काढला. नुकतीच व्यालेली गाय वासराला चाटते आणि जवळ येणाऱ्या अनोळखी माणसावर शिंगे रोखते. या अनुभवाशी तो जुळणारा वाटतो.

परंतु येथेही सावधगिरी हवी. हे प्रयोगही पुरुषांवरच आणि फवाऱ्याच्याच पद्धतीने झाले. विश्वासाच्या प्रयोगाला लावलेली कसोटी, निष्कर्ष आपल्या मताला अनुकूल आहे म्हणून येथे शिथिल करणे योग्य नव्हे. जातीय वा वांशिक विद्वेषाचे कारण एखाद्या संप्रेरकात आहे, असे म्हणणे प्रेमाचे कारण संप्रेरकात आहे, असे म्हणण्याइतकेच अपुरे आहे. ‘आपले’ कोण आणि ‘परके’ कोण, ही सीमा कोणतेही संप्रेरक आखत नाही. ती इतिहास, जात, भाषा, मालमत्ता व राजकारण यांनी आखली जाते. शरीर फार तर आधीच आखलेल्या सीमेच्या आतबाहेर प्रतिसाद देते.

संप्रेरकाविना नाते

एखादे द्रव्य अपरिहार्य आहे की नाही, हे जाणण्याचा मार्ग म्हणजे ते काढून घेऊन पाहणे. १९९६ मध्ये ऑक्सिटोसिनचे जनुक निकामी केलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या माद्यांची गर्भधारणा व प्रसूती सुरळीत झाली, पिल्लांची काळजीही त्यांनी घेतली. मात्र त्यांना दूध उतरवता आले नाही आणि त्यांची पिल्ले जगली नाहीत. मातेला ऑक्सिटोसिन टोचल्यावर दूध उतरले. वात्सल्य शाबूत आणि पान्हा नाही, असे हे चित्र होते. भाषेने एका शब्दात बांधलेले दोन अर्थ प्रयोगशाळेत सुटे झाले. पुढे २००० मध्ये असेही दिसले की, अशा उंदरांना भेटलेला उंदीर पुन्हा ओळखता येत नाही, म्हणजे त्यांची सामाजिक स्मृती अधू असते.

व्होलविषयीचा निर्णायक प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. देवानंद मनोली, निराव शाह व सहकाऱ्यांनी जनुक-संपादनाच्या तंत्राने ऑक्सिटोसिनचे ग्राहीच नसलेले प्रेअरी व्होल तयार केले. तीन दशकांच्या सिद्धान्तानुसार हे प्राणी जोडी करू शकणार नाहीत, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांनी जोड्या केल्या, परक्यांना दूर ठेवले आणि पिल्लेही वाढवली. दूध पाजण्याची क्षमता मात्र काहीशी घटलेली दिसली. याचा अर्थ ऑक्सिटोसिनचा जोडबंधाशी संबंध नाही असा नव्हे. जन्मापासूनच एक मार्ग बंद असेल तर वाढता मेंदू दुसरे मार्ग शोधत असावा, हा एक संभाव्य खुलासा आहे. परंतु त्यातून एवढे निश्चित होते की, नात्याची क्षमता प्राण्याच्या जीवनात इतकी मूलभूत आहे की निसर्गाने ती एका दोऱ्यावर टांगून ठेवलेली नाही.

उपचाराची आशा आणि वास्तव

या चर्चेचा सर्वांत गंभीर परिणाम स्वमग्न मुलांच्या बाबतीत झाला. सामाजिक व्यवहार समजण्यातील अडचण हे स्वमग्नतेचे एक लक्षण. ऑक्सिटोसिन हे सामाजिकतेचे द्रव्य. म्हणून ऑक्सिटोसिन हे औषध, असा सरळ तर्क लढवला गेला. अनेक पालकांनी त्यावर आशा ठेवली. अमेरिकेत ३ ते १७ वर्षे वयोगटातील सुमारे २९० मुलांवर २४ आठवडे केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. रोज फवारा मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांच्या सामाजिक वर्तनात सार्थ फरक आढळला नाही. गृहीतक सदोष असल्याची किंमत येथे शास्त्रज्ञांपेक्षा पालकांनी अधिक मोजली. शिवाय मूल इतरांत मिसळत नाही ते केवळ त्याच्या आतील उणिवेमुळे, हे गृहीत धरल्याने शाळा, शेजार व समवयस्क यांची जबाबदारी नजरेआड होते, हा दोष वेगळाच.

नाते : कार्य की कारण?

आतापर्यंतचे संशोधन शरीराला कारण व नात्याला कार्य मानून चालले होते. उलट दिशेचा पुरावाही तितकाच लक्षणीय आहे. कॅनडातील मायकेल मीनी व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की, ज्या उंदरिणी पिल्लांना अधिक चाटतात त्यांच्या पिल्लांच्या मेंदूत ताणाशी संबंधित जनुकाचे कार्य बदलते आणि ती मोठेपणी ताणाला अधिक समतोल प्रतिसाद देतात. पिल्लांची अदलाबदल केली असता हा गुण जन्मदात्रीकडून येत नाही, वाढवणारीकडून येतो, असे दिसले. उंदरावरून माणसाबद्दल घाईने बोलू नये, हा वर सांगितलेला दंडक येथेही लागू आहे. परंतु या बाबतीत माणसांवरील पुरावाही उपलब्ध आहे.

रुमानियात १९८९ मध्ये सत्तांतर झाले तेव्हा हजारो बालके सरकारी अनाथालयांत होती. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स व चार्ल्स झीना यांनी बुखारेस्ट येथे १३६ बालकांचा अभ्यास हाती घेतला. त्यांतील निम्म्या बालकांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक निवडीने पर्यायी कुटुंबांत ठेवण्यात आले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कुटुंबात गेलेल्या बालकांचा बौद्धिक विकास संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगला झाला आणि जी बालके लहान वयात कुटुंबात गेली त्यांना अधिक लाभ झाला. येथे उपचार म्हणून दिलेली गोष्ट द्रव्य नव्हती. ती रोज उचलून घेणारी, नावाने हाक मारणारी, न बदलणारी माणसे होती. भारतातील २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय मानला असून पर्यायी कुटुंबाची तरतूद केली आहे. महाराष्ट्रातील बालसंगोपन योजनाही याच विचाराची आहे. अशा तरतुदींमागील शास्त्रीय आधार विद्यार्थ्यांना समजावून देणे, हे ‘प्रेमाच्या संप्रेरका’ची सुरस माहिती देण्यापेक्षा अधिक उपयुक्त आहे.

प्रतिपक्षाचा विचार

वरील विवेचनावरून नात्यांच्या अभ्यासातून जीवशास्त्र वगळावे, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. जटिल वस्तूचा उलगडा तिच्या सर्वांत लहान घटकाने पूर्ण होतो असे मानणारा न्यूनीकरणवाद जसा सदोष आहे, तशीच माणूस जणू देहाविना समाजात वावरतो असे मानणारी समाजशास्त्रीय मांडणीही सदोष आहे. प्रसूत स्त्रीच्या मनःस्थितीचा, एकाकी वृद्धाच्या आजारपणाचा किंवा दुर्लक्षित बालकाच्या खुंटलेल्या वाढीचा विचार शरीर वगळून करता येत नाही. १९७५ मध्ये एडवर्ड विल्सन यांचा ‘सोशिओबायॉलॉजी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर दोन तट पडले आणि बराच काळ एकमेकांचे काम न वाचताच त्यांनी वाद घातला. ऑक्सिटोसिनच्या इतिहासातून शिकायचे ते हे की, उत्तर तटबंदीने मिळाले नाही. ते मोठा नमुना, पूर्वनोंदणी आणि पुनरावृत्ती यांनी मिळाले.

समारोप

ऑक्सिटोसिन प्रसूतीला साहाय्य करते, दूध उतरवते, अनेक प्राण्यांत ओळख व जवळीक यांना हातभार लावते. एवढे सिद्ध आहे. ते माणसात विश्वास निर्माण करते, नैतिकता घडवते किंवा फवाऱ्याच्या रूपाने सामाजिकता देते, हे सिद्ध नाही आणि गाजलेल्या दाव्यांपैकी काही आता स्पष्टपणे फेटाळले गेले आहेत. तरीही जुने दावे पाठ्यपुस्तकांतून, भाषणांतून आणि लोकप्रिय लेखांतून फिरत राहतात, कारण मूळ निबंधाला मिळालेली प्रसिद्धी त्याच्या दुरुस्तीला मिळत नाही. ही उणीव भरून काढणे अध्यापकाच्या हाती आहे. मानसशास्त्राच्या वर्गात २००५ चा निबंध शिकवला जात असेल, तर त्याच तासाला २०२० चा निबंधही शिकवला जावा. प्राणिशास्त्राच्या वर्गात व्होलच्या जोडबंधाची चर्चा होत असेल, तर २०२३ चा प्रयोग तिथे वगळला जाऊ नये. दोन्ही विभागांनी हा विषय एकत्र घेतल्यास आंतरविद्याशाखीयता या शब्दाला काही आशय प्राप्त होईल.

गोठ्यातील जनावर पान्हावण्यापूर्वी वासरू ओळखते, धार काढणाऱ्याचा हात ओळखते, मगच संप्रेरक आपले काम करते. हा क्रम पशुपालकाने कधी उलटा मानला नाही. सामाजिक वर्तनाच्या विज्ञानालाही, बऱ्याच महागड्या वळणानंतर, त्याच क्रमाकडे पुन्हा पाहावे लागत आहे.